ताकाच्या दोन पंगती

मॅडमच्या टेबलावर कायम दोन कप चहा असायचा आणि समोर पाहुणा कुणीच नसायचा. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात मी पीएचडीसाठी त्यांच्या हाताखाली गेले, त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, दुसरा कप माझा. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब, त्याला हात लावू नकोस." झालं होतं असं, की कँटीनवाल्यानं मधे कधीतरी महागाची चहापत्ती आणायला सुरुवात केली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे तो तिची तारीफ करायचा. मॅडमनी त्याला सांगितलं, एक कप जुन्या पत्तीचा आण, एक नव्या पत्तीचा, आणि कुठला कुठला ते मला सांगू नकोस. मग त्या दोन्हींतले घोट आलटून पालटून घ्यायच्या आणि ओळखायचा प्रयत्न करायच्या. कधी जमायचं, कधी नाही. मी विचारलं, मग हा उद्योग सोडून का देत नाही? तर म्हणाल्या, मला कळत नाही हे मला कळलंय, पण त्यालाही कळत नाही हे त्याला कळायचं राहिलंय. पुढे तो कंटाळला आणि दोन्ही कप एकाच किटलीतून भरायला लागला. हे उघडकीला आलं तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं, कारण हल्ली काहीच ओळखू येत नाही म्हणून जीभ दाखवायला त्या डॉक्टरकडे जायच्या बेतात होत्या.

मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. अंगानं लहानखुऱ्या, चालायला जोरात, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात एक जेवणाचा डबा असायचा आणि एक रिकामा डबा. रिकामा डबा नमुन्यासाठी. कुठे चांगलं दही-ताक दिसलं की त्या थोडं मागून घ्यायच्या, मग ते एसटी स्टँडवरच्या लस्सीवाल्याचं असो नाहीतर कुणाच्या बारशातलं. त्यांच्या जुन्या गाडीला डावीकडे एका कंपनीचे टायर होते आणि उजवीकडे दुसऱ्या. गॅरेजवाल्यानं हात जोडून सांगितलं होतं की मॅडम, गाडी एका बाजूला ओढतेय. त्या म्हणाल्या, ओढू दे, कुठले आधी झिजतात ते तरी कळेल.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काहीही गुणकारी म्हणून सांगायला आलं की त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "बरं, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं?" करोनाच्या साथीत आमच्या विभागातल्या एका सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, की आमच्या घरी सगळे रोज काढा पितात, एकालाही काही झालेलं नाही. मॅडमनी त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडाची चौकशी केली. ते काढा पीत नव्हते आणि तेही धडधाकट होते. सरांनी पुढे कितीतरी दिवस मॅडमशी अबोला धरला. मॅडमच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, कारण त्या स्वतःहून कुणाशी बोलायला जायच्याच नाहीत.

एकदा त्यांचे केस फार गळायला लागले. कुणीतरी माक्याचं तेल सुचवलं. मॅडमनी ते फक्त डाव्या बाजूला लावलं. एक बाजू चपचपीत आणि दुसरी भुरभुरीत, अशा अवतारात त्यांनी पावसाळा संपेपर्यंत तास घेतले. पोरं पहिल्या आठवड्यात हसली, मग त्यांनाही सवय झाली. शेवटी निष्कर्ष काय निघाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, डावीकडचे केस तेलकट होतात एवढं सिद्ध झालं.

लसीचं प्रकरण त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. करोनाच्या लसीच्या चाचण्या चालल्या होत्या तेव्हा आमच्या कॉलेजच्या वॉचमनला त्यांनी फाटकापाशी उभं राहून सगळं समजावलं. लस खरी लागू पडते का हे बघायचं, तर काही माणसांना लस टोचायची आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही माहीत असायला नको. वॉचमन भडकला. म्हणाला, पाणी टोचलेल्यांनी काय घोडं मारलंय? मॅडम म्हणाल्या, "अरे, त्यांच्यामुळंच तर कळतं. त्यांचे उपकार आहेत." नुसतं बोलून त्या थांबल्या नाहीत. पुण्याला जाऊन चाचणीसाठी स्वतःचं नावही देऊन आल्या. साखर जास्त निघाली म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांना त्याचं फार लागलं. मला पाणी मिळालं असतं तरी चाललं असतं, असं पुढे बरेच दिवस म्हणायच्या.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका महिला मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, ताक आणि प्रतिकारशक्ती. फलकावर मॅडमचं नाव, बाजूला तांब्याचं चित्र. हॉल गच्च भरला होता, कारण ताकानं करोना होत नाही असं काहीतरी मोबाईलवर फिरत होतं आणि ते खरं असल्याचं एका प्राध्यापिकेच्या तोंडून सगळ्यांना ऐकायचं होतं. मॅडम उठल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताक चवीला चांगलं लागतं. त्याच्या पुढचं मला अजून माहीत नाही. मी शोधतेय. कळलं की इथं येऊन सांगेन." आणि खाली बसल्या. अध्यक्षबाईंना वाटलं, ही सुरुवात आहे. त्या बराच वेळ टाळ्यांसाठी हात उचलून वाट बघत राहिल्या. मग कुणीतरी गाणं म्हटलं आणि वेळ निभावून नेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परत येताना मी म्हटलं, मॅडम, निदान पोटाला बरं असतं एवढं तरी सांगायचं. त्या म्हणाल्या, ते त्यांना माहीत आहे, त्यासाठी माझी काय गरज.

तर त्या काय शोधत होत्या, ते सांगते. म्हसवडच्या अलीकडे एका लहानशा गावात मॅडमचं माहेर. मॅडमनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे माहेर आणि घर एकच, पण त्या माहेरच म्हणायच्या. आई म्हैस पाळायची आणि ताक मडक्यात ठेवायची. आई गेल्यानंतर मॅडमनी त्या मडक्यातल्या शेवटच्या ताकातून एक जिवाणू वेगळा काढला आणि आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. आम्ही विद्यार्थी त्याला माहेरवाशीण म्हणायचो. मॅडमचा प्रश्न साधा होता. लस दिली की शरीर विषाणूशी लढायची तयारी करतं. आतडी चांगली असली, त्यात असे चांगले जिवाणू असले, तर ती तयारी जास्त चांगली होते का? म्हणजे लसीच्या जोडीला माहेरवाशीण पोटात गेली तर लस जास्त लागू पडते का? नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी याच प्रश्नात घालवली होती. काचेच्या नळ्यांत, बशांत, सगळीकडे माहेरवाशीण गुणी निघाली होती. जिवंत प्राण्याच्या पोटात ती काय करते, तेवढं पाहायचं होतं, आणि मॅडमची निवृत्ती तोंडावर आली होती.

मॅडमची आणखी एक खोड इथेच सांगून ठेवते. त्या कुणाच्या पंगतीला जेवायच्या नाहीत. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, वास्तुशांत असो, स्वतःचा डबा घेऊन गाडीत नाहीतर एखाद्या झाडाखाली बसायच्या. माझं लग्न साताऱ्याला झालं. स्थळ ठरलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं मुलाबद्दल सांगायला गेले, तर म्हणाल्या, चांगला असेल, पण तुलना कशाशी केलीस? लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या, माझ्या हातात एक पाकीट दिलं आणि निघाल्या. माझी आई जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्या मागे पार फाटकापर्यंत गेली. तिला फार अपमान वाटला. एवढी शिकलेली बाई आणि रीतभात नाही, असं ती अजूनही म्हणते. मीही तो त्यांचा विक्षिप्तपणाच समजत होते. खाण्याच्या बाबतीतही यांना काहीतरी तपासायचं असेल, असं मला वाटायचं.

कोंबड्यांवर प्रयोग करायचा ठरला. कोंबड्यांना राणीखेत म्हणून एक विषाणूचा आजार होतो. मान वाकडी होऊन कोंबडी पडते, म्हणून आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. त्याची लस स्वस्त असते आणि पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकून देता येते. जागा मिळाली आष्ट्याला, एका निवृत्त सुभेदारांच्या मळ्यात. गोठ्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन सारखी खुराडी होती आणि सुभेदार शिस्तीचे होते. मॅडमनी सांगितलं, उजवीकडच्या पिल्लांना आमचं ताक द्यायचं, डावीकडच्यांना नुसतं पाणी, आणि लस मात्र सगळ्यांना. सुभेदार म्हणाले, "मॅडम, ऑर्डर म्हंजे ऑर्डर. फिकीर करू नका." लसीच्या दिवशी तर त्यांनी कमाल केली. बर्फाचा डबा, त्यात लसीची बाटली, बाटलीला लावलेला थर्मामीटर, आणि एकेक पिल्लू हातात घेऊन परेड तपासावी तसं डोळ्यात थेंब. सूर्य वर यायच्या आत सगळं आटोपलं.

माझं काम ताक पोचवायचं. प्रयोगशाळेत माहेरवाशिणीचं विरजण लावून ताक करायचं आणि कॅन भरून आष्ट्याला न्यायचा. सुभेदार सकाळी उसाला पाणी पाजायला जायचे, त्यामुळे ताक घालायचं काम काकींकडे होतं. काकी म्हणजे सुभेदारांची बायको. भरल्या अंगाची, सतत काहीतरी खायला हातावर ठेवणारी बाई. मॅडमनी तिच्या हातचं काही घेतलं नाही की तिला चुटपुट लागायची. मॅडम बांधावरच्या लिंबाखाली डबा उघडून बसायच्या आणि काकी दारातून बघत राहायच्या. मी मात्र काकींच्या घरचं सगळं खाल्लं.

प्रयोगाचे दिवस भरले तेव्हा आम्ही पिल्लांच्या पंखाखालच्या शिरेतून थोडं थोडं रक्त घेतलं आणि तपासलं. ही तपासणी बघायला फार सोपी. प्लॅस्टिकच्या ताटलीत लहान लहान खळगे असतात, कोंबडीच्या रक्तानं लसीला चांगली साथ दिली असेल तर खळग्यांच्या तळाशी लाल बटण बसलेलं दिसतं. बटणांची रांग जितकी लांब, तितकी लस जास्त लागलेली. उजवीकडच्यांच्या रांगा भरपूर लांब आल्या. मी नाचायचीच बाकी होते. मग डावीकडच्यांच्या बघितल्या. त्याही तितक्याच लांब.

मॅडमनी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. दोन दिवसांनी आम्ही काकींना साडी आणि सुभेदारांना टॉवेल-टोपी द्यायला आष्ट्याला गेलो. ओसरीवर बसलो असताना काकी खुशीत म्हणाल्या, "बाई, तुमच्या ताकानं कोंबड्या लय चांगल्या ऱ्हायल्या बगा. दोनी खुराड्यातल्या."

मॅडमनी विचारलं, "दोन्ही? डावीकडं तर नुसतं पाणी होतं ना?"

काकी जरा गोंधळल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं, एका दारातली पाखरं ती. एकीच्या म्होरं ताक वतायचं आन दुसरीनं जाळीतनं बगत बसायचं? पंगतीत आसा दुजाभाव माज्याच्यानं न्हाई झाला. पयल्या दिशीच न्हाई झाला."

म्हणजे कॅनमधलं ताक रोज निम्मं निम्मं झालं होतं, आणि कमी पडलं की काकींनी घरचं मिसळलं होतं. सुभेदार ताडकन उभे राहिले. तू ऑर्डर मोडलीस, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं. काकी म्हणाल्या, तुमची ऑर्डर तुमच्यापाशी ठेवा. मला तर काकींचा इतका राग आला, की त्यांनी पुढे केलेला लाडू मी पहिल्यांदाच नाकारला. मॅडमनी साडी काकींच्या हातात दिली, बरं म्हणाल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या.

आष्टा मागे पडलं. गाडी नेहमीसारखी एका बाजूला ओढत होती. मग त्या आपणहून बोलल्या. त्यांच्या आजोबांना गावच्या जेवणावळीत पंगतीबाहेर बसवायचे. लांब, उकिरड्याच्या कडेला. सगळ्यांचं झालं की उरलेलं वाढायचे, तेही वरून. घरानं बौद्ध धर्म घेतला त्याच्या आधीची ही गोष्ट. मॅडमच्या आईनं पोरांना बजावून ठेवलं होतं, पंगतीला बसायचं नाही, भूक लागली तर घरी यायचं. "मला आजवर कुणी उठवलं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मीच कधी बसले नाही. आता सवयच झालीय." पुढे म्हणाल्या, "आणि मी त्या बाईला काय सांगून आले? एकीला वाढ, दुसरीला वाढू नकोस. तिला नाही जमलं. मला फार राग आलाय, पण तिला काय बोलू?"

मला माझ्या आईचं जिलेबीचं ताट आठवलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावून घेतलं. त्यांना ही आपत्ती वाटलीच नाही. ते म्हणाले, अहो, दोन्हीकडच्या कोंबड्यांनी ताक प्यायलं आणि दोन्हीकडे लस उत्तम लागली, यापेक्षा आणखी काय हवं? आजूबाजूच्या मळ्यांतल्या कोंबड्यांच्या तपासण्या आपल्याकडे होत्याच आणि त्या अगदीच सुमार आल्या होत्या. त्यांच्याशी तुलना करा, लेख लिहा, निवृत्तीच्या आधी पेटंटला अर्ज करू, एक कंपनीही तयार आहे. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. चूक झाली खरी, पण तिच्यातून चांगलंच निघत होतं. मॅडम म्हणाल्या, आजूबाजूच्यांची लस बर्फात होती की पिशवीत, मला ठाऊक नाही. सुभेदारांच्या बर्फामुळंही लस लागली असेल. मग ताकाचं कौतुक कशाच्या जोरावर करू? प्रमुख म्हणाले, तुम्ही हातातोंडाशी आलेला घास टाकताय. मॅडम म्हणाल्या, असेल. आणि तास घ्यायला निघून गेल्या.

त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांच्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं, त्यातलं बरंचसं त्यांना ऐकू गेलं नाही, कारण भाषणं चालू असताना त्या बाहेर झाडाखाली डबा खात होत्या. मी तोवर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. महिन्याभरात त्या माझ्या प्रयोगशाळेत उभ्या. एक टेबल देशील का, म्हणाल्या. पुन्हा करायचं होतं, आणि पुन्हा आष्ट्यालाच. मी म्हटलं, काकींकडे? दुसरी जागा बघू की. तर म्हणाल्या, चूक काकींची नव्हती, प्रयोगाची मांडणी चुकली होती.

यावेळी त्यांनी दोन्ही खुराड्यांना ताकच द्यायचं ठरवलं. विरजण एकच, ताक एकच, दोन्हीत चिमूटभर बेसन. फक्त एकातलं ताक कढीसारखं ढवळत उकळायचं, म्हणजे त्यातली माहेरवाशीण मरते आणि ताक फाटत नाही. मग थंड करून भरायचं. एका कॅनला लाल दोरा, दुसऱ्याला हिरवा. दोरे मी बांधायचे आणि तोंड मिटून बसायचं. रक्ताची तपासणी मॅडम करणार, त्यामुळे कुठल्या दोऱ्यात जिवंत आणि कुठल्यात मेलेली, हे त्यांना कळता कामा नये.

ओसरीवर बसून मॅडमनी काकींना हे सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. काकींनी विचार केला. "म्हंजे एकीला ताक आन एकीला कढी."

"हो."

"उपाशी कोनच न्हाई?"

"कोणीच नाही."

"मंग चालतंय," काकी म्हणाल्या. "पर कुठलं कुठलं ते मला सांगू नगा. कळलं तर मी परत मिसळीन."

मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुभेदारांना काही हे पटलं नव्हतं, त्यांच्या मते ऑर्डर समजावून सांगायची नसते. पण लसीच्या दिवशी बर्फ, थर्मामीटर आणि परेड सगळं पुन्हा तस्संच झालं.

तपासणीच्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. मॅडम ताटली उजेडाकडे धरून बटणं बघायच्या, मी मांडून ठेवायचे. लाल दोऱ्याचे सगळे झाले, हिरव्याचे सगळे झाले. पुन्हा करू, म्हणाल्या. नव्यानं सगळं भरून पुन्हा केलं. तेच आलं. लाल आणि हिरवा, दोन्हींच्या रांगा सारख्या. जिवंत माहेरवाशिणीनं लसीला काडीची मदत केली नव्हती. मॅडमनी हात धुतले, पुसले, खुर्चीवर बसल्या.

"कुठला दोरा कुठला ते सांगू का?" मी विचारलं.

"आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकच आहेत." मग म्हणाल्या, "वाईट वाटतंय गं. आईच्या ताकातली होती." त्यांचे डोळे भरून आले होते. मीही रडले. त्यांनी चहा मागवला, आणि त्या दिवशी एकच कप मागवला.

मला वाटलं, हे इथे संपलं. पण पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन त्या महिला मंडळात गेल्या. तिथे रांगोळी स्पर्धेचं बक्षीस वाटप चाललं होतं, अध्यक्षबाई बदललेल्या होत्या आणि मॅडमना ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. मॅडमनी माइक मागून घेतला. म्हणाल्या, "कळलं की येऊन सांगेन म्हणाले होते. आमच्या ताकातल्या जिवाणूनं कोंबड्यांची लस जास्त लागत नाही. दोनदा तपासलं. माणसांचं मला माहीत नाही." हॉलमध्ये कुजबुज झाली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना तेवढं आठवत होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही आलात होय, मी म्हटलं विसरलात. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

तिथून सरळ आष्ट्याला. काकींनाही सांगायचं होतं. काकी गोठ्याजवळच होत्या; निकाल कळेपर्यंत दोन्ही कॅनचं ताक घालणं त्यांनी चालूच ठेवलं होतं. मॅडमनी सांगितलं, काही फरक पडला नाही, ताकातल्या जिवाणूचा काही उपयोग नाही. काकींना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की मंग आता येगळं येगळं द्यायला नगो न्हवं? मॅडम नको म्हणाल्या. काकींनी लाल दोऱ्याचा कॅन आणि हिरव्या दोऱ्याचा कॅन उचलला, दोन्हींतलं राहिलेलं एका बादलीत ओतलं आणि दोन्ही खुराड्यांना घालून आल्या. मॅडम जाळीशी उभ्या राहून बघत होत्या.

जेवायची वेळ झाली होती. सवयीनं मॅडम पिशवी घेऊन लिंबाकडे वळल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. ओसरीवर ताटं मांडली होती. सुभेदार, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, मी. काकी ताकाचं भांडं घेऊन वाढायला उभ्या होत्या. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काकी, तुम्ही बसा. मी वाढते." काकींनी भांडं आणि पळी त्यांच्या हातात दिली आणि सुनेशेजारी बसल्या.

मॅडम पंगतीच्या एका टोकापासून वाकत वाकत निघाल्या. वाटी बघायच्या, एक पळी ओतायच्या, पुढे सरकायच्या. मोठ्यांना एक, पोरांना एक. काकींना वाढलं, मला वाढलं. शेवटच्या रिकाम्या ताटातली वाटीही भरली. ते त्यांचं होतं. एवढ्यात सुभेदारांनी वाटी रिकामी करून पुढे केली, म्हणाले, आणखी द्या. मॅडमनी भांडं तिरपं करून आत बघितलं, मग सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांना पुरेल एवढं होतं. त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा पहिल्या ताटापासून सुरुवात केली. सुभेदारांची पाळी येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं.